देव्हाऱ्यातला फेटेवाला राजा

कंपनीत माझं काम ओरखडे शोधायचं. गाडीच्या ब्रेकचा एक भाग आमच्याकडे तयार होतो. त्याच्यावर नखाएवढी रेघ दिसली तरी मी लाल टॅग लावतो आणि तो भाग भंगारात जातो. चाकणच्या त्या शेडमध्ये माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडील लातूरकडून आले, भोसरीत मशीनवर उभे राहिले, पिंपळे गुरवला दोन खोल्यांत संसार केला आणि मला ताथवड्याच्या कॉलेजात घालून इंजिनिअर केलं. दुसऱ्याची चूक मुकाट्यानं पुढे ढकलायला नक्कीच केलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र मी ओरखडे विकत घेतो.

मी जुनी नाणी जमवतो, पण कोणीतरी हातानं खराब केलेलीच. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया घ्या. त्याच्यावर राजाचा मुखडा असतो, मुकुट, दाढी, अंगावर भरजरी झूल. पूर्वी कधीतरी कोणा रिकामटेकड्या माणसानं बारीक छिन्नी घेऊन त्या मुकुटाचा फेटा केलेला असतो, दाढी तासून गालमिशा काढलेल्या असतात, नाकावर चष्मा चढवलेला असतो. राणीछाप रुपयातल्या राणीला नथ घातलेली, अंबाड्यात फूल खोचलेलं, हनुवटीवर गोंदलेलं मी पाहिलं आहे. ते नाणं माझ्याकडे आहे. बायकोला माझ्या सगळ्या संग्रहात तेवढं एकच आवडतं. बाकीच्यांना ती 'तुमची भुतं' म्हणते.

नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यात मी सुरुवातीला जायचो. तिथली माणसं अभ्यासू. टांकसाळीची खूण, साल, अक्षराचा वळसा यावर तासन्‌तास बोलणारी. माझी पेटी उघडली की त्यांचे चेहरे असे व्हायचे जसा माझा लाल टॅग लावताना होतो. एकानं मला मायेनं समजावलं की ही चांदीच्या भावानं सोनाराला घालावीत आणि चांगली घ्यावीत. मी म्हटलं, चांगली लाखांनी पडली, एकासारखी एक. ती बघायला मला कंपनीत पगार मिळतो. चूक मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि या चुका तर मुद्दाम केलेल्या, मन लावून केलेल्या. त्यानंतर मी मंडळात गेलो नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. तिथला नाणीवाला मला लांबूनच ओळखतो आणि म्हणतो, "या, एक बिघडलेला ठेवलाय तुमच्यासाठी."

नाणी ठेवायला माझ्याकडे एक लाकडी पेटी आहे, कंपनीतून मोडीत निघालेली. पूर्वी तिच्यात मापाचे ठोकळे असायचे. आत हिरवं मखमली कापड, आणि प्रत्येक नाण्याला मी स्वतः कोरून केलेला एकेक खळगा. मधोमध एक खळगा मी बरीच वर्षं रिकामा ठेवला होता. तो कोणासाठी ते मी लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रातच ठरवलं होतं.

माझी सासुरवाडी महाळुंग्याची. जुनं शेतकरी घर, आता आजूबाजूला सगळ्या कंपन्या. शेताच्या जागी शेड आहेत, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत, आणि जिथं कणगी असायची तिथं थोरल्यांची मोटार उभी राहते. सासरे तीन भाऊ. थोरले, मग माझे सासरे, मग धाकटे. तिघांमध्ये प्रेम आहे, पण त्या प्रेमाची एक पद्धत आहे. ज्याला हात लावतील त्याचे तीन सारखे वाटे करतात. दारातल्या चिंचेच्या चिंचासुद्धा सुपानं मोजून तीन ढीग लावतात आणि उरलेली मूठभर कोणाच्या ढिगात टाकायची यावर चहा होतो. वाट्यावरून कधी भांडण झालं नाही याचा त्यांना अभिमान आहे. ते खरंही आहे, कारण भांडण व्हायच्या आधीच ते वस्तू कापून मोकळे होतात.

देव मात्र थोरल्यांकडे होते, सगळ्यांचे मिळून.

घट बसायच्या आदल्या दिवशी देव उजळायला काढतात. मी नवा जावई म्हणून गेलो होतो आणि थोरल्या सासूबाई परातीत चिंचेचं पाणी करून टाक घासत बसल्या होत्या. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. खंडोबा, भवानी, असे सगळे पानाच्या आकाराचे. एकच गोल होता. तो त्यांनी परातीत ठेवला तेव्हा जो आवाज आला तो पत्र्याचा नव्हता. मी कान टवकारले. आवाजावरून धातू ओळखणं हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे.

मी विचारलं, "हे कोण?"

"ह्ये आमचं वीर," थोरल्या सासूबाई म्हणाल्या. वीर म्हणजे घराण्यात लढाईत पडलेला पूर्वज, त्याचाही टाक देव्हाऱ्यात बसतो. मग त्यांनी हात न थांबवता सगळी हकिकत सांगितली. इंद्रायणीला पूर आला होता, गनीम पलीकडे. वीरांनी कट्यार दातात धरली आणि उडी टाकली. पलीकडे जाऊन लढले, जखमी होऊन पोहत परत आले आणि काठावर डोळा मिटला. डोळा मिटला तरी दातातली कट्यार सुटली नाही. हे सांगताना त्या वीराच्या तोंडावरून अंगठा फिरवत होत्या, हळदीचा जुना थर निघत होता आणि खालून माणूस वर येत होता.

मी किल्लीला अडकवलेलं भिंग काढलं. फेट्याचा एकेक पीळ वेगळा दिसत होता. झुपकेदार मिशी. डोळ्याची पापणी खाली ओढलेली, आणि ओठांच्या कोपऱ्यात एक आडवी बारीक काडी. काडीच्या टोकापासून नागमोडी रेघा निघून नाकाजवळून फेट्याच्या वर गेल्या होत्या.

"ह्या रेघा?"

"त्या पान्याच्या लाटा."

"नाकाच्या वर?"

"पूर व्हता न्हवं," त्या म्हणाल्या.

छातीवर, झुलीच्या नक्षीत, मुगाएवढा एक हत्ती होता. त्याचाही खुलासा तयार होता. वीर सरदार होते, दारात हत्ती झुलायचा. मी मान हलवली. तो हत्ती मी पेटीतल्या निम्म्या नाण्यांवर रोज बघतो. इंग्रजांच्या राजाच्या झुलीवर तो असतोच. कडेची मण्यांची किनार तीच, जाडी तीच, मागच्या बाजूला झिजलेली वेलबुट्टी तीच. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे त्या बादशहाला कोणीतरी फेटा बांधून, तोंडात पेटती विडी देऊन, कामावर पेंगणारा रखवालदार करून टाकला होता. आणि काम असं, की पापणीच्या जडपणावरून समजावं, हा माणूस नुकताच झोपलेला नाही, चांगला तासभर झाला आहे. विडीचा धूर चांदीत कोरणारा हात मी तोवर पाहिला नव्हता, त्यानंतरही पाहिला नाही.

मी भिंग परत किल्लीला अडकवलं. नव्या जावयानं पहिल्या नवरात्रात सासुरवाडीच्या वीराला विडी ओढणारा म्हणू नये, एवढं कळायला पदवी लागत नाही.

पण घरी येऊन मी पेटीच्या मधोमध खळगा कोरला.

ते नाणं मला मिळावं म्हणून मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. एक सांगतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावून वाण देतात, अनारसे आणि चांदीचं काहीतरी. मी बायकोला आडून सुचवलं की यंदा ताटात काय ठेवावं ते तुझ्या आईला सुचव. बायको चाकणच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली आहे, तिला आडून सुचवलेलं समोरून कळतं. ती म्हणाली, "अहो, कुळाचा देव लेकीच्या घरी जात नाही. मी त्या घरातली लेक आहे, मलासुद्धा मिळणार नाही. तुम्ही तर बाहेरचे." वाणात मला चांदीचं निरांजन मिळालं. ते सुबक होतं. एकही ओरखडा नव्हता.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बायको फोनवर आईशी बोलून आली आणि म्हणाली की देवांचे वाटे होणार.

कारण साधंच होतं. तिन्ही चुली कधीच्या वेगळ्या झाल्या होत्या. सणाला सगळ्यांनी थोरल्यांकडे जमायचं, तर नैवेद्य कोणी करायचा आणि पुरणात वेलदोडा की जायफळ यावरून थोरल्या आणि धाकट्या सासूबाईंचं दोन सण बोलणं बंद होतं. थोरल्यांनीच ठरवलं की प्रत्येकानं आपापल्या घरी देव बसवावे. खंडोबा, भवानी यांचे नवे टाक चाकणचा सोनार ठशावर काढून देणार होता, त्यात अडचण नव्हती. अडचण वीराची होती. त्याचा ठसा नाही, तो एकटाच. तेव्हा तिघा भावांनी त्यांच्या पद्धतीनं तोड काढली. वीर वितळवायचा, त्याच्या चांदीचे तीन सारखे भाग करायचे, प्रत्येकात नवी चांदी घालायची आणि मोबाइलवर फोटो काढून त्यावरून तीन नवे वीर ठोकून घ्यायचे. जुना अंश तिघांकडे, कोणावर अन्याय नाही.

फोटोवरून ठोकलेल्या पत्र्यात ती पापणी येणार नव्हती, धूर तर नाहीच. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी परस्पर महाळुंग्याला गेलो आणि सासऱ्यांना गाठलं. म्हटलं, तीन वीर माझ्या खर्चानं करून देतो, शुद्ध चांदीचे, जुना आहे तसा राहू द्या. सासरे भला माणूस आहे, पण गावाच्या शेजारी कंपन्या आल्यापासून फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे नीट बघायला शिकला आहे. त्यांनी विचारलं, "मग जुना कुठं ऱ्हाईल?" मी म्हटलं, जपून ठेवता येईल. ते म्हणाले, "कोन जपंल?" मी चहा प्यायलो आणि परत आलो.

रात्री जेवताना बायकोनं मला विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला देव वाचवायचाय की पेटी भरायचीय?"

मी म्हटलं, आधी वाचू दे.

"वाचवायचा असेल तर एकच रस्ता आहे," ती म्हणाली. "तो वीर खरा काय आहे ते त्यांना सांगा, मग वाटे करायला देवच उरणार नाही. पण मग त्या घरात तुमची जी किंमत आहे ती राहील असं धरून चालू नका."

ती किंमत मला ठाऊक होती. त्या घरात कुठलाही कागद आला की आधी माझ्याकडे येतो. शेडचा करार, विजेचं बिल, नातवाच्या शाळेचा दाखला. थोरले चारचौघांत म्हणतात, "आमचं जावई इंजनेर हायेत, त्यांना दावा." आमच्या वडिलांनी आयुष्यभर सुपरवायझरला साहेब म्हटलं. त्यांच्या पोराला कोणाच्या ओसरीवर खुर्ची मिळते ही गोष्ट मी हलकी समजत नाही. तरीही वाट्याच्या दिवशी मी बायकोला मागे बसवून, पेटी घेऊन निघालो. सोबत एक साधा, न कोरलेला रुपया घेतला. जुन्या बाजारातून मुद्दाम आणला होता. संग्रहाला लागल्यापासून मी विकत घेतलेलं ते पहिलं चांगलं नाणं.

थोरल्यांच्या दिवाणखान्यात सगळे जमले होते. सोनार तराजू घेऊन आला होता. देव पाटावर, विड्याच्या पानांवर. दारात तिन्ही सासूबाई, थोरल्या आणि धाकट्या दोन टोकांना, माझ्या सासूबाई मध्ये.

"पाव्हणं, ह्या पेटीत काय?" थोरल्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दाखवतो. आधी एक सांगायचंय. राग आला तर मला बोला, पण पुरतं ऐकून घ्या. हा टाक नाही, रुपया आहे. इंग्रजांच्या राजाचा."

धाकटे हसले. "पाव्हण्यांनी सकाळीच घेतली का काय?"

मी साधा रुपया वीराच्या शेजारी ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. हत्तीवर बोट ठेवलं, इथे हत्ती, इथे हत्ती. किनारीचे मणी दाखवले. दोन्ही उलटे करून मागची वेल दाखवली. मग मी सोनाराकडे बघितलं. तो म्हणाला की रुपया आहे हे त्याला हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं, त्याच्या वडिलांनाही ठाऊक असणार. मग बोलला का नाहीस, असं धाकट्यांनी विचारलं. "गिऱ्हाइकाच्या देवाला मी कशाला नाव ठेवू, भाऊ? चांदी खरी हाय, मला तेवढं बास."

मग मी पेटी उघडली. असं कोरण्याची त्या काळी लोकांना हौस होती, ही बघा, म्हणून एकेक नाणं त्यांच्या हातात दिलं. विडीचं काही बोलायचं नाही हे मी येतानाच ठरवलं होतं. कट्यारीची कट्यारच राहू द्यायची होती. पण माझ्या पेटीत एक राजा आहे, कच्च्या हाताचा, त्याच्या तोंडात चांगली बोटभर चिलीम आणि वर धुराचे तीन फराटे. तो नेमका धाकट्यांच्या हाती लागला. ते बघता बघता थांबले, वाकून पाटावरच्या वीराकडे बघितलं, परत हातातल्या राजाकडे बघितलं.

"आयला," ते हळूच म्हणाले. "आपला तर विडी वढतोय."

मग सगळे वाकले. टॉर्चच्या उजेडात आता कट्यार कोणालाच दिसेना, विडीच दिसायला लागली. लाटा नाकावरून वर का जातात तेही सगळ्यांना एकदम कळलं. थोरल्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "म्हंजी मी लगीन होऊन आल्यापास्नं विडीला निवद दावत्येय व्हय?"

कोणी हसलं नाही. मी पेटीचं झाकण लावून घेतलं. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती, आणि आपण त्या बसमध्ये असतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं. माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस शेडच्या करारात सही झाल्यावर सापडलेल्या अटीकडे बघतो.

थोरल्यांनी वीर उचलून तळहातावर घेतला. टॉर्चखाली फिरवून बघितला. मग म्हणाले, "ह्यो राजा. राज्य त्याचं. रुपया त्याचा. अन् आपल्या कुनीतरी त्याला धरून फेटा बांधला, तोंडात विडी दिली अन् झोपवला. तवा सापडला असता तर चामडी लोळवली असती त्याची." त्यांनी थोरल्या सासूबाईंकडे बघितलं. "निवद राजाला न्हाई दावला तू. ज्यानं त्याला झोपवला, त्याला दावला. वीर त्यो हाय. त्याच्या हातचं काम वितळवायचं न्हाई."

थोरल्या सासूबाईंनी पदर सावरला. धाकट्या म्हणाल्या, "व्हय की वो." त्या दोघींत दोन सणांनंतरचं ते पहिलं बोलणं.

मला सांगायचं होतं की हे कोरणारा तुमच्याच घरातला असेल असं नाही. नाणी हातोहात फिरतात, आठवड्याच्या बाजारात कोणी दोन शेर ज्वारीच्या बदल्यात टाकलं असेल. पुरावा नाही. पण मी घेतलेल्या शिक्षणात त्या क्षणी तोंड कसं उघडायचं ते शिकवलेलं नव्हतं. शिवाय सोनार तराजू गुंडाळायला लागला होता. वीर वितळणार नव्हता. मला हवं होतं ते झालं होतं.

निम्मं झालं होतं. आणि मी थांबायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "नाण्याला जपणूक वेगळी लागते. चिंच लावून घासलं की कोरीव काम झिजतं. तुमची हरकत नसेल तर मी नीट..."

"देव लेकीच्या घरी जात न्हाई, पाव्हणं," थोरले म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यामुळे पुढे बोलायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात माझे सासरे बोलले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलत होते. "वीर तुमच्याकडं ऱ्हायला, दादा. चांगलं झालं. पन मग आमच्या दोघांचं काय?"

हा प्रश्न त्या घरात एकदा निघाला की सुटल्याशिवाय कोणी उठत नाही. सोनारानं सुचवलं की दोन नवे ठोकून देतो. धाकट्यांनी साफ नाही म्हटलं. इतका वेळ हातात अस्सल काम खेळवल्यावर त्यांना पत्र्याचा वीर नको झाला होता. "त्यो काय, फोटोवरनं काढलेला," ते म्हणाले. मग सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्या पेटीवर आले.

मी झाकणावर हात ठेवला होता. तो मला काढता येईना आणि ठेवताही येईना.

"पाव्हण्यांकडचे बी त्याच जातीचे हायेत की," थोरले म्हणाले. "आत्ता त्यांनीच सांगितलं."

मीच सांगितलं होतं, पुराव्यानिशी.

माझ्या सासऱ्यांनी चष्मा लावलेला राजा निवडला. मधल्या खळग्याच्या उजव्या हाताचा. चष्म्याच्या काड्या कानामागे गेलेल्या, डोक्यावर कारकुनी टोपी. कोरणाऱ्यानं तो कचेरीतल्या कुठल्या भाऊसाहेबाची टर उडवायला केला असावा. सासऱ्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "आमचा वीर शिकलेला ऱ्हाईल." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मला नाही म्हणता आलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही ते ठाऊक होतं. धाकट्यांना आधी भोकाच्या पैशावर, भोकाचंच तोंड करून कोरलेला आ वासलेला चेहरा आवडला होता, पण सोनारानं ते तांबं असल्याचं सांगितल्यावर त्यांनी जीभ बाहेर काढलेला राजा उचलला. वेडावून दाखवणारा. तो मला मिळवायला फार खेपा पडल्या होत्या. धाकट्या सासूबाईंनी बघून हात जोडले. "उग्र हाय," त्या म्हणाल्या.

मला पैसे विचारले गेले. मी नको म्हटलं. सासुरवाडीत देव विकणारा जावई म्हणून मला नाव मिळवायचं नव्हतं. त्याऐवजी नारळ आणि टॉवेल मिळाला.

परत येताना बायको मोटारसायकलवर मागे पेटी धरून बसली होती. मोशीच्या सिग्नलला म्हणाली, "नथवाली वाचली ना?" मी म्हटलं, वाचली. "मग चालतंय," ती म्हणाली.

चंपाषष्ठीला सासऱ्यांकडे तळी भरायला गेलो. नवा संगमरवरी देव्हारा, दिव्यांची माळ, आणि खंडोबाच्या शेजारी माझा कारकून, हळदीनं माखलेला, चष्मा तेवढा चमकत होता. शेजारच्या बाई दर्शनाला आल्या होत्या आणि माझ्या सासूबाई त्यांना सांगत होत्या. वीर शिकलेले होते. इंग्रजाची कागदपत्रं वाचायचे, गावात तेवढं एकाच माणसाला यायचं. खोटा कागद आला, साऱ्या गावाची जमीन जाणार होती, वीरांनी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं की खोटा हाय. त्यापायी मारले गेले. शेजारच्या बाईंनी विचारलं की टोपी का. सासूबाई क्षणभरही अडल्या नाहीत. "कचेरीत जायचं व्हतं न्हवं."

मी भिंग काढून वाकलो. चष्म्याच्या काडीजवळ काहीतरी नवीन रेघ वाटत होती, घासण्यानं पडलेली. सासूबाईंनी माझा हात धरला. "पाव्हणं, देवाला भिंग लावायचं नस्तंय."

मग मी भिंग खिशात ठेवलं आणि नमस्कार केला. नीट केला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी शिकलं नव्हतं, तेव्हा शिकण्यापायी मेलेल्या माणसाला हात जोडायला माझी काही हरकत नव्हती, तसा कोणी झाला नसला तरी.

निघताना तळीला आलेले थोरलेही ओसरीपर्यंत आले. त्यांचा मुलगा ताथवड्याला फ्लॅट घेऊन राहायला चालला होता. चूल वेगळी होणार, म्हणजे देव लागणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी बाजारात फिरताच," ते म्हणाले. "एखादा बघा त्याच्यासाठी. चांदीचा असू द्या. नाकीडोळी नीट. अन् आमच्यासारखा झोपल्याला गावला तर लई बरं."

आता दर रविवारी मी जुन्या बाजारात जातो. नाणीवाला लांबून हाक मारतो, एक बिघडलेला ठेवलाय म्हणतो. मी भिंग काढतो आणि तपासतो. चांदी आहे का, किनार शाबूत आहे का, फेटा बसतोय का. परवा एक सापडला होता, विडी होती, धूरही चांगला होता. पण राजाचा डोळा टक्क उघडा होता. मी तो परत केला.